ओकलंडच्या डोंगरातली लाल झाडे

मुलीने आधीच बजावले होते, "आई, फार मोठ्या अपेक्षा ठेवू नकोस. तू फोटोत पाहिलीस ना, बुंध्यातून मोटार जाते तसली झाडे, ती इथे नाहीत. हे आपले घराजवळचे रान आहे. मुलांचे वाढदिवस असले की आम्ही जातो तिथे."

ती कॅस्ट्रो व्हॅलीत राहते. तिथून रेडवुड रोडने डोंगराच्या घड्या ओलांडत गेले की वीस-पंचवीस मिनिटांत ओकलंडच्या मागच्या अंगाला रेडवुड रीजनल पार्क लागते. फाटकाशी गाडीचे पैसे द्यायचे, कॅनियन मेडो नावाच्या मोकळ्या कुरणाशी गाडी लावायची. आम्ही गेलो तो ऑक्टोबरातला रविवार होता. टेबलाटेबलावर फुगे बांधलेले, शेगड्यांवर काहीबाही भाजले जात होते, कुत्री आपापल्या माणसांना ओढत होती, दोन घोडेस्वार बाया सावकाश निघाल्या होत्या. हैदराबादला आमच्या घराजवळच्या बागेत रविवारी असते तशीच जत्रा, फक्त भेळवाला नाही. पण ओढ्याकाठच्या वाटेने, तिला ते स्ट्रीम ट्रेल म्हणतात, दहा-पंधरा मिनिटे चालले आणि ऊन संपले. एकदम गारवा. पायाखाली पिंजलेल्या काथ्यासारखा पाचोळा, पावलाचा आवाज येत नाही. दोन्ही अंगांना सरळसोट, तांबूस खोडे वर गेलेली, शंभर-दीडशे फुटांपर्यंत. नात हळू आवाजात बोलू लागली. तिला कोणी सांगितले नव्हते.

मी विचारले, "हजार वर्षांची असतील का गं?"

मुलगी हसली. "हजार कुठली? दीडशेच्या आसपास. सगळे जंगल एकदा कापून झाले आहे."

खरे सांगते, मला जरा फसवल्यासारखे वाटले. जुना वाडा म्हणून पाहायला जावे आणि कळावे की मूळ वाडा जळाला, हे नंतरचे बांधकाम. मग मी झाडांकडे नीट पाहू लागले, आणि मला त्यांची उभे राहण्याची रीत दिसली. ती एकेकटी नव्हती. पाच-सहा, कधी आठ-नऊ झाडे गोल कडे करून उभी, आणि मधे काही नाही. पाचोळा, एखादे नेचे, बस. रिंगण धरून उभ्या असलेल्या मंडळींमधून मधला माणूस उठून गेला असावा, तसे.

हा प्रकार मला अगदीच परका नव्हता. माझे वडील बल्लारशाच्या लाकूड डेपोत कारकून होते. आलापल्लीच्या बाजूचा साग तिथे यायचा. थप्प्या लागायच्या, ओंडक्यांवर हातोड्याचे शिक्के बसायचे, लिलाव व्हायचे. वडील टेप घेऊन ओंडक्याचा घेर मोजत, लांबी मोजत, आणि वहीत घनफूट लिहीत. सुट्टीत मी टेपचे दुसरे टोक धरायची. साग तोडला की बुंध्याला फुटवे येतात आणि त्यांतून पुन्हा रान उभे राहू शकते, हे मला त्या वयापासून ठाऊक. पण सूचिपर्णी झाडांची ही रीत नव्हे. चीड किंवा देवदार तोडला की त्याचा कारभार संपला. रेडवुड हा अपवाद. त्याच्या बुडाशी, जमिनीलगत, गाठीगाठींत झोपलेले कोंब असतात. वरचे झाड पडले, जळले, कापले गेले, की ते जागे होतात आणि जुन्या बुंध्याच्या कडेने, जुन्याच मुळांच्या जोरावर वर येतात. मधला बुंधा कुजून माती होतो. फुटव्यांचे कडे राहते. म्हणजे कड्याच्या मधली मोकळी जागा हे जुन्या झाडाचे माप. ते मापायला टेप लागत नाही. नातीने एका कड्यात पावले टाकून पाहिली. तिची इवली पावले, तरी अठरा भरली.

त्या रात्री आणि पुढे बरेच दिवस मी या रानाचा इतिहास वाचत बसले. निवृत्त इतिहास शिक्षिकेला परदेशात मुलीकडे सहा महिने काढायचे असतात तेव्हा ग्रंथालयाचा फार आधार वाटतो.

या डोंगरांच्या माथ्यावर, आज जिथे रॉबर्ट्स पार्क आहे तिथे, काही अतिप्रचंड रेडवुड होते. १८२६ साली ब्रिटिश नौदलाचे 'ब्लॉसम' हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात आले. कप्तान फ्रेडरिक विल्यम बीची. त्याने उपसागराची पाहणी केली, नकाशे काढले. येर्बा ब्वेना बेटाच्या पश्चिमेला पाण्याखाली एक खडक दडलेला होता, तो वरून दिसत नसे आणि जहाजाचा तळ फोडू शके. त्याला बीचीच्या जहाजाचेच नाव पडले, ब्लॉसम रॉक. मग हा खडक चुकवायचा कसा? तर डोंगरमाथ्यावरची ती झाडे. खाडीच्या मुखाबाहेर पंधरा-सोळा मैलांवरून ती दिसत म्हणे. बेट आणि झाडे यांचा मेळ बघून सुकाणू धरायचे, म्हणजे खडक बाजूला राहतो. कोकणातले नाखवे किनाऱ्यावरचे देऊळ किंवा डोंगराची सोंड धरून होडी आत आणतात, त्यातलाच हा हिशेब.

१८५१पर्यंत तरी खलाशी ही झाडे खूण म्हणून वापरत होते. १८५५पर्यंत ती तोडली गेली होती. या दोन सालांमधले अंतर पाहून मी वही मिटली आणि थोडा वेळ बसून राहिले. खडक मात्र तिथेच होता. तो पुढे १८७० साली आत पोखरून, दारू भरून उडवला. ते पाहायला शहर लोटले होते. आधी इशारा देणारे गेले, मग पंधरा-वीस वर्षांनी धोका गेला.

जमीन कोणाची, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला मी मुलांना नेहमी आधी विचारायला लावायची. तर ती मुळात ओलोनी लोकांची. स्पॅनिश मिशनांनी त्यांना अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या आवारात ओढले, आणि डोंगर रिकामे पडले असे मानले गेले. १८२० साली लुईस मारिया पेराल्टा नावाच्या सार्जंटला त्याच्या सैनिकी चाकरीबद्दल जवळपास पंचेचाळीस हजार एकरांचे इनाम मिळाले, रांचो सॅन अँटोनियो. आजचे ओकलंड, बर्कली, अलामेडा हे सगळे त्यात आले. त्याने ते चार मुलांत वाटले. पेराल्टांचा व्यवसाय गुराढोरांचा. त्यांना लाकूड लागे तेवढे ते तोडत. डोंगराच्या पलीकडच्या मोरागांच्या इनामाच्या तर नावातच ही झाडे होती, 'पालोस कोलोरादोस', म्हणजे लाल झाडे.

१८४०च्या दशकात जहाजांवरून पळालेले खलाशी या रानात येऊन दडत आणि लाकूड कापून पोट भरत. तेव्हा गिरण्या नव्हत्या. खड्डा खणायचा, त्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकाने वर उभे राहायचे, दुसऱ्याने खड्ड्यात, आणि लांब करवत खाली-वर ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत भुसा. हे दृश्य मी लहानपणी बल्लारशाला पाहिले आहे. खालचा माणूस डोक्याला पंचा गुंडाळून, डोळे अर्धे मिटून करवत ओढायचा, आणि वडील म्हणायचे, मजुरी मात्र दोघांना सारखी.

मग १८४८मध्ये सोने सापडले. सॅन फ्रान्सिस्को हे हजारभर वस्तीचे गाव होते. १८४९ संपेपर्यंत तिथे पंचवीस हजारांच्या घरात माणसे झाली. त्यांना घरे हवीत, गोदामे हवीत, धक्के हवेत, रस्त्यांवर चिखलात टाकायला फळ्या हव्यात. आणि खाडीच्या पलीकडे, डोळ्यांसमोर, रेडवुडचे डोंगर. वाफेवर चालणाऱ्या करवती आल्या, गिरण्या उभ्या राहिल्या. ओंडके आणि फळ्या बैलांच्या जोड्यांनी ओढत डोंगराखाली सॅन अँटोनियोच्या धक्क्यावर आणायच्या आणि तिथून होड्यांनी पलीकडे. पेराल्टांना कोणी विचारले नाही. अमेरिकेने मुलूख घेतल्यावर १८५१च्या कायद्याने जुन्या इनामदारांवरच आपली मालकी सिद्ध करण्याचा बोजा टाकला होता. पेराल्टा कोर्टात वर्षानुवर्षे लढले, थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जिंकलेही. पण निकाल येईतो जमिनीवर घुसखोर बसले होते, गुरे चोरीला गेली होती, वकिलांची देणी झाली होती आणि डोंगरावर झाडे उरली नव्हती. वतनाचे दावे ज्यांच्या घराण्यात झाले आहेत त्यांना यातले काहीच समजावून सांगावे लागणार नाही.

मला सर्वांत चटका लावून गेली ती आगींची यादी. डिसेंबर १८४९ ते जून १८५१ या दीड वर्षात सॅन फ्रान्सिस्को सहा वेळा मोठ्या आगींत जळाले. रेडवुडचे जिवंत झाड आगीला सहसा दाद देत नाही. साल फूटभर जाड असू शकते, राळ जवळपास नाही, लाकडात पाणी भरपूर. पण त्याच्या पातळ फळ्या, कापडी छपरे, तेलाचे दिवे आणि समुद्रावरचा वारा एकत्र आले की काय होणार! शहर जळायचे आणि आठवडाभरात पुन्हा उभे राहू लागायचे, पुन्हा लाकडाचेच. तेव्हा त्या काळच्या वर्णनांत या उमेदीचे फार कौतुक आहे, आणि ते खोटे नाही. मात्र प्रत्येक आगीबरोबर पलीकडच्या डोंगरातही एक तुकडा नाहीसा होत होता, तो हिशेब कुठल्या वहीत नाही.

वहीवरून आठवले. आमच्याकडे मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची जहाजे बांधली. त्यांतले १८१७ सालचे 'ट्रिंकोमाली' १८५०च्या दशकात याच पॅसिफिकमध्ये ब्रिटिश नौदलाच्या चाकरीत होते, आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते आजही पाण्यावर आहे. एका जंगलाचे लाकूड दोनशे वर्षे तरंगते, दुसऱ्याचे दीड वर्षात सहादा जळते. वडील असते तर म्हणाले असते, लाकडाची तुलना करू नये, कामाची करावी.

१८६०च्या सुमारास डोंगरावर फक्त खुंट उरले होते, आणि मग लोकांनी जळणासाठी खुंटही खणायला सुरुवात केली. त्या खुंटांची नोंद आपल्यापर्यंत आली ती एका डॉक्टरमुळे. विल्यम गिबन्स हे अलामेडाचे वैद्य, कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसशी निगडित. १८५५च्या सुमारास ते या तोडलेल्या रानातून हिंडले आणि पुढे चाळीसएक वर्षांनी, १८९३ मध्ये, त्यांनी त्यावर लेख लिहिला. त्यात तीस फुटांहून अधिक व्यासाच्या खुंटाचे माप आहे. हे माप खरे असेल तर आज जिवंत असलेल्या कुठल्याही रेडवुडपेक्षा ते झाड जाड ठरते. काही जाणकार म्हणतात, दोन-तीन झाडे एकत्र जुळलेली असतील. असतील. मी ओंडके मोजणाऱ्याची मुलगी आहे, मला माहीत आहे की खुंटाचे माप जमिनीलगत घेतले तर फुगते. पण निम्मे धरले तरी नातीची अठरा पावले खोटी ठरत नाहीत.

याच गिबन्सनी त्याच १८५५ साली इथल्या सॅन लिआंड्रो ओढ्यातल्या एका माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला साल्मो इरिडिया असे इंद्रधनुष्यावरून नाव दिले. रेनबो ट्राउट. हिमाचलात पतलीकुहलच्या हौदांत जो वाढवतात, निलगिरीच्या ओढ्यांत इंग्रजांनी जो सोडला, त्या माशाला 'इंद्रधनुषी' हे नाव मिळाले ते या खोऱ्यातल्या नमुन्यांवरून. रेडवुड क्रीक हा त्या सॅन लिआंड्रोचाच फाटा. आता खाली धरण आहे, समुद्राची वाट बंद झाली आहे, तरी मूळ वंशातले ट्राउट तलावातून या ओढ्यात अंडी घालायला चढतात आणि त्यांच्यासाठी पायऱ्यांची वाट करून दिलेली आहे. इथे मासेमारीला बंदी आहे. फेब्रुवारीत पाऊस पडून गेल्यावर आम्ही दोनदा जाऊन ओढ्यात वाकून पाहिले. मासा दिसला नाही. त्याआधी डिसेंबरात मात्र ओढ्याच्या वाटेवर एका ठिकाणी कुंपणाचे खांब, गवताच्या काड्या, झाडांची खोडे लालभडक झालेली पाहिली. जवळ गेल्यावर कळले की ते चित्रांगी किडे, म्हणजे लेडीबग. हजारो. हिवाळ्यात ते इथे येऊन एकमेकांना बिलगून झोपतात. नातीच्या बाहीवर चार बसले, ते तिने अर्धा तास उडू दिले नाहीत.

रान तोडून झाल्यावर या डोंगरांचे काय करायचे, यावर एक उपाय निघाला, त्याची गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला ओळखीची वाटेल. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फ्रँक हेव्हन्स नावाच्या जमीन व्यापाऱ्याने ओकलंडच्या टेकड्यांवर लाखोंनी निलगिरी लावली. निलगिरी, म्हणजे ऑस्ट्रेलियातले युकॅलिप्टस. लवकर वाढेल, इमारतीचे लाकूड देईल, पैसा होईल. झाडे वाढली लवकर, पण कोवळे लाकूड कापले की वाकायचे, तडकायचे. धंदा बुडाला, झाडे राहिली. १९९१च्या ऑक्टोबरात या टेकड्यांवर वणवा पेटला, पंचवीस माणसे गेली, तीन हजारांच्या आसपास घरे जळाली, आणि आग पसरवणाऱ्यांत या तेलकट झाडांचाही वाटा होता. सामाजिक वनीकरणाच्या नावाने आम्ही रस्त्याकडेला निलगिरी लावली तेव्हा मी शाळेच्या मुलांना घेऊन खड्डे खणले आहेत, म्हणून जास्त बोलत नाही.

तिकडे रेडवुडला मात्र कोणी लावावे लागले नाही. ते आपोआप खुंटांतून येत राहिले. ते जपावे असे ठरायला १९३४ साल उजाडले. मंदीचे दिवस, माणसे बेकार. पाणीपुरवठ्याच्या संस्थेकडे डोंगरात जास्तीची जमीन पडून होती, ती विकली जाण्याचा धोका होता. तेव्हा पूर्व किनाऱ्यावरच्या गावांनी स्वतःवर नवा कर बसवून घेऊन उद्यानांची संस्था काढायची का, यावर मतदान घेतले, आणि दोनतृतीयांशांहून अधिक लोक 'हो' म्हणाले. मंदीत कराला 'हो' म्हणणारी माणसे! संस्थेच्या पहिल्या मंडळावर निवडून आलेल्यांत एकच बाई होती, ऑरेलिया राइनहार्ट, ओकलंडच्या मिल्स या स्त्रियांच्या महाविद्यालयाची अध्यक्षा. हे पार्क १९३९ मध्ये उघडले. अलीकडे त्याला बाईंचे नाव दिले आहे. फाटकावर ते वाचून मला बरे वाटले, पण मुलगी आणि तिच्या मैत्रिणी अजून नुसते 'रेडवुड'च म्हणतात.

मूळ रानातले एक झाड वाचले आहे. तेवढे एकच. ते पार्कात नाही, लिओना हाइट्सच्या तीव्र उतारावर खडकांत आहे. १९६९ साली शहराचे निसर्गतज्ज्ञ पॉल कोव्हेल यांच्या लक्षात आले की हे नंतरचे नव्हे, आधीचे आहे. वय पाचशेच्या आसपास. जावई म्हणाला, चला, बघून येऊ. आम्ही रस्त्यावरून पाहिले, कारण तिथवर चढणे माझ्या गुडघ्यांना शक्य नव्हते. उंची जेमतेम नव्वद फूट, अंगाने वेडेवाकडे. जावयाला ते आधी ओळखूच येईना. वडील असते तर त्याला एका नजरेत तिसऱ्या प्रतीत टाकले असते, आणि १८५०च्या तोडणाऱ्यांनीही तेच केले असणार. शिवाय तिथून ओंडका काढायचा खर्च मालापेक्षा जास्त. आलापल्लीला वनखात्याने जुन्या सागाचा एक तुकडा न तोडता राखला आहे, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणून. तिथली झाडे निवडून ठेवली, ती सर्वांत उत्तम म्हणून. वडिलांनी मला ती दाखवली होती, एखाद्या देवळात न्यावे तशी. इथले राहिले ते नाकारले गेले म्हणून.

परतीच्या तिकिटाला आठ दिवस उरले असताना मी हट्टाने रॉबर्ट्स पार्कला गेले. तिथे एक फलक आहे, राज्याचा ऐतिहासिक स्थळ क्रमांक ९६२. या जागेवरची झाडे जहाजांना ब्लॉसम रॉक चुकवण्यासाठी खूण होती, ती तोडली गेली आणि आजची झाडे त्यांच्या खुंटांतून फुटलेली आहेत, असा मजकूर. मी नातीला मराठीत वाचून दाखवला. तिने विचारले, "मग इथून समुद्र दिसतो?" मी म्हटले, दिसायला हवा. आम्ही दोघी पश्चिमेकडच्या बाजूला गेलो, टाचा उंचावल्या, मग एका लाकडी बाकावर चढलो. दिसली ती झाडेच. नातीने माझ्या खांद्यावर हात ठेवून आणखी एकदा उडी मारून पाहिले, आणि मग म्हणाली, "आजी, जहाजातून आपण दिसत असू."